तेलाच्या पिशवीवर दोन अक्षरं लिहायला काय जातं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात जीएम मोहरीवर, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेल्या मोहरीवर, जो लेख आला होता तो वाचला आणि वाचून थोडा रागच आला, म्हणून हे पत्र. लेख तसा अभ्यास करून लिहिलेला होता, पण शेवटी तेच, की सामान्य लोकांमध्ये जीएम अन्नाबद्दल अज्ञान आहे, भीती आहे, त्यासाठी जनजागृती केली पाहिजे वगैरे वगैरे. मी अकोट तालुक्यात किराणा दुकान चालवतो, वडिलांपासूनचं दुकान आहे, आणि लोक कशाला घाबरतात कशाला नाही हे काउंटरवर बसून रोज बघतो. माझं म्हणणं एवढंच की लोकांना जागृती नको आहे, लोकांना सरळ उत्तर पाहिजे, आणि ते द्यायला कोणीच तयार नाही. सरकार नाही, कंपन्या नाहीत, आणि विरोध करणारेही नाहीत.

मध्ये एक काकू आल्या होत्या. व्हॉट्सॲपवर काहीतरी मेसेज फिरत होता, चकाकणारी वांगी म्हणजे जीएमची वांगी, खाल्ली की कॅन्सर. भाजीबाजारातून येतानाच पिशवीतलं वांगं काढून मला दाखवलं, "पाय बरं भाऊ, हे जीएमचं त नाई ना?" म्हटलं काकू नाही, आपल्या देशात जीएम वांग्याला परवानगीच नाही, हे साधं हायब्रीड असेल, चकाकतंय म्हणजे ताजं आहे. बरं वाटलं त्यांना. मग नेहमीसारखी सोयाबीन तेलाची लिटरची पिशवी घेतली. आता मला राहवलं नाही, मी म्हटलं काकू वांगं नाही पण हे तुमच्या हातात आहे ना ते तेल बहुतेक जीएम सोयाबीनचं असणार, अर्जेंटिना-ब्राझीलचं येतं. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवून दिली. शेंगदाणा तेलाचा भाव विचारला. भाव ऐकून परत तीच पिशवी उचलली आणि जाता जाता म्हणाल्या, "मंग त्याच्यावर लिवत काऊन नाईत बाप्पा?"

बस, माझं पूरं पत्र हे त्या काकूंच्या प्रश्नावरच आहे.

कारण बघा, वस्तुस्थिती काय आहे. आपल्या देशात खायच्या तेलाची निम्म्याहून जास्त गरज बाहेरून मागवून भागवली जाते. त्यात सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलचं, आणि तिथलं सोयाबीन जवळपास सगळं जीएम. हे झालं बाहेरचं. आता घरचं बघा. बीटी कापूस म्हणजे बोंडअळीला मारणाऱ्या जिवाणूचं जनुक घातलेला कापूस, त्याला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातला ९० टक्क्यांच्या वर कापूस बीटी आहे. कापूस जिनिंगला गेला की रुई वेगळी आणि सरकी वेगळी, रुईच्या गाठी गिरणीला जातात आणि सरकी जाते तेलाच्या घाण्यावर. तेल माणसं खातात, पेंड म्हशी खातात. आमच्या अकोल्यात सरकी पेंडीचा केवढा बाजार आहे हे वायदेबाजारवाल्यांना विचारा. माझ्याकडून १५ किलोचे सरकी तेलाचे डबे फरसाणवाले नेतात, भजीवाले नेतात, लग्नाचे केटरर नेतात, कारण स्वस्त पडतं आणि तळणाला चांगलं. म्हणजे जीएम अन्न देशात येऊ द्यायचं की नाही यावर टीव्हीवर जी चर्चा चालते ना, ती ऐकताना समोरच्या प्लेटीतली शेव कशात तळली आहे हे कोणाच्या डोक्यातही नसतं. वीस वर्षांहून जास्त काळ आपण खातोय की!

आणि पिशवीवर काय असतं? हिरवा ठिपका असतो. लाल बदामाचं चित्र असतं. कोलेस्टेरॉल फ्री असं मोठ्या अक्षरात (वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, पण असो). ए आणि डी जीवनसत्त्व घातल्याचं चिन्ह असतं. जीएम ही दोन अक्षरं मात्र मी आजपर्यंत एकाही पिशवीवर पाहिलेली नाहीत.

आता गैरसमज नको, मी काही घाबरवायला लिहीत नाही. मी स्वतः हेच तेल खातो, घरात पोरंही खातात. मला समजलंय ते असं, की बीटीमधलं जे प्रथिन आहे ते बोंडअळीच्या आतड्यात काम करतं, तिथलं वातावरण वेगळं, अल्कधर्मी, आणि त्या प्रथिनाला चिकटायला जी जागा लागते ती अळीच्या आतड्यात असते, आपल्या नाही. वरून तेल रिफाइंड केलं की त्यात प्रथिन जवळपास उरतच नाही, जनुकाचा भागही उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते की बाजारात जे जीएम पदार्थ तपासणी होऊन आलेले आहेत त्यांच्यापासून माणसाला धोका असण्याची शक्यता वाटत नाही. ठीक आहे, मान्य. मग हेच पिशवीवर लिहा ना. "जीएम सरकीपासून बनवलेलं" एवढं लिहा आणि खाली लिहा तपासलेलं आहे म्हणून. साहेब लोक म्हणतात लिहिलं तर लोक उगीच घाबरतील, घेणार नाहीत. अहो पण काकूंनी घेतलंच की, भाव बघून घेतलं, पण सांगितल्यावर घेतलं. न सांगता जी वस्तू गळ्याखाली उतरवली जाते तिच्याबद्दल उद्या दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं, तेही मीठमसाला लावून, तर माणूस सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणार, लपवणाऱ्यावर का ठेवेल?

बरं नियम नाही असंही नाही. वैधमापनाच्या नियमांत १ जानेवारी २०१३ पासून आलेलं आहे की ज्या पाकिटात जीएम अन्न आहे त्याच्या दर्शनी भागावर वरच जीएम लिहायचं. त्यानंतर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मसुदा काढला, २०२२ मध्ये सुधारून परत काढला, त्यात एक टक्का किंवा जास्त जीएम घटक असेल तर लेबल पाहिजे असं होतं. त्याआधी २०२० मध्ये आदेश काढला की बाहेरून येणाऱ्या २४ पिकांच्या मालासोबत हा जीएम नाही म्हणून सर्टिफिकेट पाहिजे. म्हणजे सफरचंदाची पेटी आली तर कागद मागायचा, आणि आपण जे रोज खातो त्या तेलाच्या टँकरचं काय तर काही नाही. दुकानात तपासणीला साहेब येतात ते एमआरपी बघतात, तारीख बघतात, वजनकाट्याचा शिक्का बघतात आणि चहा घेऊन जातात. जीएमचं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी तरी काय सांगणार होतो म्हणा.

लेखात "अज्ञान" असा शब्द होता तो मला लागला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांचा अविश्वास हा अज्ञानातून आलेला नाही, आठवणीतून आलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर आली, त्या भाकरीचं नाव काढलं तर आजही लोक तोंड वाकडं करतात. जीव त्याच मिलोने वाचवला हे खरं आहे, पण ती जनावराचं खाद्य म्हणून पिकवलेली होती हे कळलं तेव्हा लोकांना काय वाटलं असेल? गाजरगवत घ्या, बाहेरच्या गव्हासोबत आलं असं घरोघरी सांगतात, आणि त्याची खाज आजही शेतकऱ्याच्या अंगाला आहे. आणि हायब्रीड ज्वारी! १९६४ मध्ये पहिली संकरित ज्वारी आली, पोतं भरलं पण भाकरीला चव नाही, पावसात सापडली की काळी पडायची, आणि तेव्हापासून आजतागायत कोणाला गुडघे दुखले, केस पांढरे झाले, पोरगं चिडचिडं निघालं की आमच्याकडे एकच निदान, "हायब्रीड खाल्लं न बाप्पा." आता यात विज्ञान किती ते सोडा, पण तिन्ही वेळेला वरून माल आला आणि खाणाऱ्याला कोणी काही विचारलं नव्हतं हे तर खरं आहे ना. आता लोक सीडलेस पपई, जाड सालीचं टोमॅटो, स्वीट कॉर्न सगळ्याला जीएम म्हणतात, आणि ते आपल्याकडे जीएम नाहीच, पण त्यांना वेगळं करून सांगायचं कोणी? लेबल असतं तर पोराने वाचून सांगितलं असतं.

विचारलं एकदाच, वांग्याच्या वेळेला. बीटी वांगं हे आपल्या जालन्याच्या कंपनीचं, बाहेरचं नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने हिरवा कंदील दाखवला, आणि तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी तो तसाच पुढे न सरकवता सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला झाली. आरडाओरडा झाला, शेतकरी दोन्ही बाजूंनी बोलले, शास्त्रज्ञ बोलले, घोषणा झाल्या. ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली. आता त्या निर्णयावर लोक म्हणतात की भावनेच्या भरात घेतला, विज्ञानाचं नुकसान केलं. असेलही. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते, की त्या वांग्याच्या तपासणीचे कागद लोकांपुढे यायला माहितीच्या अधिकारात भांडावं लागलं आणि सुप्रीम कोर्टात जावं लागलं. वांगं चांगलं आहे तर कागद का दडवले होते? आणि स्थगिती "तात्पुरती" होती, ती अजून तात्पुरतीच आहे. तिकडे बांगलादेशने तेच तंत्रज्ञान घेऊन २०१३ मध्ये परवानगी दिली, २०१४ पासून शेतकरी लावतायत. आपल्याकडे ना हो ना नाही. आणि २०१९ मध्ये हरियाणात फतेहाबादला एका शेतात विनापरवाना बीटी वांगं सापडलं तेव्हा सगळे दचकले. दार बंद केलं की माणूस खिडकीतून जातो.

मोहरीचंही तसंच. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या टीमने केलेलं संशोधन आहे, सरकारी पैशातून झालेलं आहे, म्हणजे परदेशी कंपनीचा आरोप इथे तसा चिकटत नाही. अशा वेळी तर सगळं उघडं ठेवून लोकांना बाजूला घ्यायची केवढी संधी होती! तर २०१६ मध्ये काय केलं, इंग्रजीतला १३३ पानी सारांश वेबसाइटवर टाकला, ३० दिवसांत हरकती पाठवा म्हटलं, आणि पूर्ण अहवाल बघायचा असेल तर दिल्लीत मंत्रालयात वेळ घेऊन या आणि तिथेच बसून वाचा. राजस्थानातला मोहरीवाला शेतकरी दिल्लीत बसून हजारो पानं वाचणार, तेही इंग्रजी! २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मंजुरी दिली, लगेच कोर्टात गेलं, जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचा दोन तऱ्हेचा निकाल आला. दोघांचं एकमत ज्यावर झालं ते म्हणजे जीएम पिकांबाबत राष्ट्रीय धोरण पाहिजे आणि ते सगळ्यांशी बोलून केलं पाहिजे. बीटी कापूस येऊन तोवर बावीस वर्षं झाली होती बरं का, आणि धोरण अजून पाहिजेच आहे.

आता शेतकऱ्याची बाजू सांगितल्याशिवाय पत्र अर्धवट राहील, कारण माझं गिऱ्हाईक तेच आहेत. आमच्याच तालुक्यात अकोली जहांगीरला जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने जाहीर सत्याग्रह करून एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं लावलं, पाच वर्षं कैद आणि एक लाख दंडाचा कायदा असताना. आमच्याकडे त्याला चोरबीटी म्हणतात. तणनाशक मारलं तर कपाशी उभी राहते आणि तण मरतं, निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, म्हणून लोक लावतात, आजही लावतात. पाकिटावर धड नाव नाही, पावती नाही, उगवलं नाही तर तक्रार करायची सोय नाही. आणि तरी हजार रुपये मोजून घेतात. का? तर शेजाऱ्याच्या वावरात गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. याला म्हणतात विश्वास, आणि तो सरकारी शिक्क्याच्या पाकिटापेक्षा बिननावाच्या पाकिटावर जास्त आहे, यातच सगळं आलं. शिक्क्याच्या बीटीने अळी येणार नाही म्हणून सांगितलं होतं आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडंच्या बोंडं पोखरली, त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त माणसं गेली. हे बघितलेल्या माणसाला तुम्ही जनजागृतीचं पत्रक देणार?

पण खाणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर माझी खरी भीती इथेच आहे. परवानगी असलेल्या बीटीची निदान तपासणी तरी झाली. चोरबीटीची आपल्या देशात मंजुरीच नाही, पण जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या रिकाम्या होतात तेव्हा कोणाची सरकी कुठली हे कोणी वेगळं ठेवत नाही, सगळा एक ढीग. तो ढीग घाण्यावर, पेंड म्हशीपुढे, तेल कढईत. त्यावर मारलेल्या तणनाशकाचं काय, कोणी नमुने घेतले का, घेतले तर आकडे कुठे छापले? एक तर मंजूर करा आणि तपासा, नाही तर खरोखर थांबवा. माहीत असून न बघितल्यासारखं करायचं हे सगळ्यात वाईट, कारण मग उद्या काही निघालं तर मंजूर वाणही त्याच्याबरोबर बदनाम होणार.

सरकारचं दुसरं तोंड २०२१ मध्ये पाहिलं. ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास होतं, पोल्ट्रीवाले ओरडत होते, तर १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पर्यावरण मंत्रालयाने सांगितलं पेंड म्हणजे काही जिवंत बी नाही, ती उगवत नाही, आमची हरकत नाही. तर्क बरोबर आहे. मग हाच तर्क लोकांना आधी का नाही सांगितला? जेव्हा शेतकरी म्हणतो जीएम द्या तेव्हा वर्षानुवर्षं अभ्यास चालू, आणि जेव्हा भाव पाडायचा असतो तेव्हा अभ्यास झटक्यात पूर्ण. दसऱ्यापर्यंत भाव जवळपास अर्ध्यावर आला होता. त्या वेळी आमच्या दुकानासमोरच्या पारावर एकानेही जीएम खाल्लं तर काय होतं हा प्रश्न विचारला नाही, सगळे विचारत होते की हे कोणाच्या फायद्याचं आहे. तुमच्या शास्त्रज्ञांनी हे ध्यानात घ्यावं, लोकांच्या डोक्यात सुरक्षितता आणि फायदा कोणाचा हे दोन प्रश्न वेगवेगळे नसतात.

विरोधवाल्यांनाही सोडत नाही मी. ते मोठमोठ्या गाठी आलेल्या उंदरांचे फोटो अजून फिरतात, पण तो २०१२ चा फ्रान्समधला पेपर छापणाऱ्या जर्नलनेच २०१३ मध्ये मागे घेतला हे त्या फोटोखाली कधी लिहिलेलं नसतं. त्यांनाही लोकांना घाबरलेलंच ठेवायचं आहे असं वाटायला लागतं. प्यू नावाच्या अमेरिकन संस्थेने २०१९-२० मध्ये वीस देशांत विचारलं होतं, त्यात भारतातल्या ५८ टक्के लोकांनी जीएम अन्न असुरक्षित सांगितलं. एकूण वीस देशांचं मधलं प्रमाण बघितलं तर असुरक्षित म्हणणारे ४८ टक्के, सुरक्षित म्हणणारे १३, आणि आम्हाला पुरेसं माहीत नाही म्हणणारे ३७ टक्के. मला त्या ३७ टक्क्यांबद्दल आदर वाटतो. कॅमेरा तोंडासमोर आला की सगळे तज्ज्ञ होतात, हे लोक निदान खरं बोलले.

आता नवीन भानगड येतेय. मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जीनोम एडिटिंग केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले, एक कमला म्हणजे डीआरआर धान १००, सांबा मसुरीपासून केलेला, आणि दुसरा पुसा डीएसटी राइस १. यात बाहेरचा जीन घातलेला नाही, भाताच्याच जीनमध्ये बारीक बदल केला आहे, म्हणून २०२२ मध्येच अशा वाणांना जीएमच्या कडक नियमांतून सूट दिलेली आहे. कमी दिवसांत येतो, पाणी कमी लागतं, उत्पन्न जास्त, असं सांगतात. चांगलंच आहे, खरं असेल तर गोंदिया-भंडाऱ्याच्या धानवाल्यांना पाहिजेच आहे. पण उद्या तो तांदूळ माझ्या दुकानात पोत्यात येईल तेव्हा पोत्यावर काय लिहिलेलं असेल? काही नाही. आणि मग कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकेल, आणि काकू परत येतील. तेव्हा त्यांना जीन घातलेला आणि जीन बदललेला यातला फरक मी तूरडाळ मोजता मोजता सांगायचा का?

तेव्हा साहेब तुम्हालाच विनंती आहे. तुमच्या पेपरात शुक्रवारी शेतीचं पान असतं. त्यात एकदा, जाहिरात न घेता, सोप्या मराठीत चौकट छापा, की आपल्याकडे दुकानात मिळणारं कोणतं तेल जीएमपासून येतं, कोणती भाजी जीएम नाही, तेलात काय उरतं काय नाही, चोरबीटीच्या सरकीची तपासणी होते की नाही, आणि लेबलचा नियम कुठे अडला आहे, हे संबंधित खात्यांना लेखी विचारून त्यांच्या उत्तरासकट छापा. उत्तर आलं नाही तर आलं नाही असंही छापा. मी कात्रण लॅमिनेट करून तेलाच्या रॅकवर लावतो.

आपला,
एक किराणा दुकानदार
ता. अकोट, जि. अकोला